वेताळ पूर्वी कोण होता?

भुताची गोष्ट ऐकताना लहान मूल आधी घाबरते, आजीच्या पदराआड शिरते आणि थोड्या वेळाने तेथूनच विचारते, "पण ते आधी कोण होते?" मोठी माणसे या प्रश्नाला हसतात. मला मात्र तो फार शहाणपणाचा प्रश्न वाटतो. भूत काय करते हे सांगणे सोपे आहे. ते उलट्या पावलांनी चालते, चिंचेवर बसते, अवेळी हाक मारते. परंतु भूत होण्यापूर्वी ते कोणाच्या घरचे होते, त्याला कोणी दुखविले होते किंवा त्याने कोणाला दुखविले होते, हे विचारताच गोष्टीत माणूस शिरतो. भीती थोडी ओसरते व तिच्या जागी करुणेसारखे काही तरी येते. पण त्याबरोबरच एक धोकाही येतो. त्या दोहोंविषयी मला आज लिहावयाचे आहे.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका खेळामुळे. माझा आतेभाऊ पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे अनगोळला आला, तेव्हा त्याच्या पिशवीतून वीस पैलूंचा एक फासा, काही नकाशे आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा त्याचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाला. एकाने गोष्ट सांगावयाची, बाकीच्यांनी तिच्यातील पात्रे व्हावयाचे, आणि साहस फळाला आले की फसले हे फाशावर सोपवावयाचे, असा त्याचा साधा प्रकार आहे. या खेळाच्या काल्पनिक जगात बारोव्हिया नावाचा एक देश आहे. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेली त्याची कथा १९८३ साली खेळाडूंच्या हाती आली. त्या देशाचा धनी काउंट स्ट्राड फॉन झारोविच हा माणसाचे रक्त पिऊन जगणारे पिशाच आहे.

या स्ट्राडची पूर्वकथा मोठी दुःखद आहे. ऐन तारुण्य त्याने लढायांत घालविले, राज्य जिंकले, किल्ला उभारला, आणि मग त्याच्या ध्यानात आले की जगावयाचे राहूनच गेले. धाकटा भाऊ सर्गेई याच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याचे मन बसले. तारुण्य परत मिळावे म्हणून त्याने मृत्यूशीच करार केला व भावाच्या लग्नाच्या दिवशी भावाचाच वध केला. तात्यानाने किल्ल्यावरून खाली उडी घेतली. तेव्हापासून धुक्याने वेढलेल्या त्या देशाचा तो राजा आहे आणि कैदीही आहे, कारण त्या धुक्याबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही.

दादा आणि त्याचे मित्र खेळतात थोडे आणि वाद घालतात फार. स्ट्राड मुळातच दुष्ट होता, की कराराने त्याला दुष्ट केले? त्याचे तात्यानावर प्रेम होते, की भावाजवळ आहे ते आपणाजवळ नाही एवढाच त्याचा सल होता? १९९३ साली पी. एन. एलरॉड यांची एक कादंबरी निघाली. तीत स्ट्राड स्वतःच आपली हकीकत सांगतो. झाले! नव्या वादाला तोंड फुटले. स्वतःचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या राजावर विश्वास किती ठेवावा? दादा हे सारे इतक्या पोटतिडकीने सांगत होता, की जणू स्ट्राड आमच्या गल्लीच्या टोकालाच राहत असावा.

मी म्हटले, "दादा, हा तर आपल्या वेताळाचाच भाऊ की!"

दादा हसला. मी त्याला विचारले, "तू रोज पहाटे ज्या टेकडीवर धावावयास जातोस, तिचे नाव काय?" तो म्हणाला, "वेताळ टेकडी." आणि स्वतःशीच थबकला. तीन वर्षे ती टेकडी तो चढत होता, पण तिच्या धन्याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. अनोळखी देशातील पिशाचाची वंशावळ त्याला तोंडपाठ होती.

मग दादाला एक कल्पना सुचली, आणि ती ऐकताच मीही हरखून गेले. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने वेताळाच्या काही कथा १८७० साली इंग्रजीत आणल्या, आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हँपायर' म्हणजे रक्तपिशाच म्हटले. हाच बर्टन पूर्वी गोव्यास येऊन गेला होता, आणि १८५१ साली त्याने गोव्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले होते. पुढे 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली लिहून प्रसिद्ध करणारा ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता. १९०६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत स्टोकरने बर्टनच्या सुळ्यासारख्या दाताचे वर्णनही केले आहे. आणि खेळातील स्ट्राड तर उघडच ड्रॅक्युलाच्या घराण्यातला. म्हणजे आमचा वेताळ बर्टनच्या खांद्यावर बसून विलायतेस गेला, तेथे ड्रॅक्युला झाला, अमेरिकेत जाऊन स्ट्राड झाला आणि दादाच्या पिशवीतून पुन्हा अनगोळला परतला! केवढी सुंदर साखळी!

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी या साखळीची एक एक कडी ओढून पाहू लागले. बर्टनचे पुस्तक ही कडी लोखंडाची आहे. बर्टन व स्टोकर यांची भेट हीही लोखंडाचीच. परंतु स्टोकरने वेताळावरून ड्रॅक्युला घडविला ही कडी सुताची निघाली. दोन माणसे भेटली एवढ्यावरून एकाची कल्पना दुसऱ्याने उचलली असे ठरत नाही. शिवाय वेताळाला रक्तपिशाच म्हणणे हाच मुळी बर्टनचा तर्क आहे. कथेतील वेताळ परक्याच्या प्रेतात शिरून राहतो खरा, पण राजाच्या मानेला तो दात लावीत नाही. तो राजाला गोष्टी सांगतो आणि कोडी घालतो.

सुताच्या कडीला लोखंड म्हणून खपविले की काय होते, याचे उदाहरण खुद्द ड्रॅक्युलाच्याच बाबतीत घडले आहे. पंधराव्या शतकात वालाचिया प्रांतात व्लाड नावाचा एक राजा होऊन गेला. शत्रूंना सुळावर चढविण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. १९७२ साली दोन इतिहाससंशोधकांनी एका लोकप्रिय पुस्तकात या व्लाडचे व कादंबरीतील ड्रॅक्युलाचे नाते जोडले, आणि स्टोकरने जणू त्याचेच चरित्र लिहिले, असे पुष्कळ लोक तेव्हापासून मानू लागले. स्टोकरने हाताने लिहिलेली टिपणे आज उपलब्ध आहेत. 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला वालाचियावरील एका जुन्या पुस्तकात सापडले, हे त्यांवरून दिसते. परंतु व्लाडच्या सुळांची त्याला माहिती होती असे त्या टिपणांत कोठेच आढळत नाही. नावापुरता खरा असलेला संबंध लोकांनी चरित्रापर्यंत ताणला.

तर मग वेताळ पूर्वी कोण होता? आमच्या माळ्यावरील ट्रंकेत आजोबांनी जमविलेले 'चांदोबा'चे जुने अंक आहेत. त्यांत खांद्यावर प्रेत व हातात तलवार घेतलेल्या विक्रमाचे ते चित्र महिन्यामागून महिने येई. के. सी. शिवशंकरन या चित्रकाराने रंगविलेला तो राजा तीन पिढ्यांनी पाहिला असेल. पण वेताळाच्या पूर्वजन्माची विचारपूस तेथे क्वचितच आढळते. म्हणून मी घरातील, वाचनालयातील आणि गुरुजनांच्या कपाटातील पुस्तके धुंडाळली. एकाच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठाननगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. फळात रत्न असते, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली राजा स्मशानातील शिंशपा वृक्षावरील प्रेत आणण्यास निघतो. येथील वेताळ हा केवळ वेताळ आहे. तो पूर्वी कोणी होता की नव्हता, याची त्या कथेला फारशी फिकीर नाही.

हिंदी 'बैताल पचीसी'ला मात्र ही मोकळी जागा बघवली नाही. तीत सांगितले आहे की एकाच नक्षत्रावर तीन मुले जन्मली. एक राजाच्या घरी, एक तेल्याच्या घरी, एक कुंभाराच्या घरी. कुंभाराचा मुलगा योगी झाला, त्याने तेल्याच्या मुलास मारून झाडाला टांगले, आणि आता राजाचा बळी घेतला की त्याची साधना पुरी होणार होती. म्हणजे झाडावर लोंबकळणारा तो निरपराध तेली आहे! तमिळ वेताळकथेत निराळेच उत्तर आहे. तेथे वेताळ हा शंकराने पार्वतीला सांगितलेल्या गोष्टी चोरून ऐकणारा व त्या बायकोला जाऊन सांगणारा ब्राह्मण आहे, आणि त्यापायी त्याला शाप मिळाला आहे. गोष्ट ऐकल्यावर ती दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहवले नाही, एवढाच त्याचा अपराध. हे वाचून मला त्याच्याविषयी फार जवळीक वाटली.

कालिकापुराण तिसरे उत्तर देते. त्याच्या मते शिवाचे दोन गण भृंगी व महाकाल यांना पार्वतीने शाप दिला, आणि ते चंद्रशेखर राजाची राणी तारावती हिच्या पोटी वानरमुखाने जन्मले. तेच वेताळ आणि भैरव. येथे तर वेताळ राजपुत्रच निघाला.

आणि आपल्या शेजारी गोव्यात गेलो की ही सारी उत्तरे मागे पडतात. तेथे तो बेताळ म्हणवतो आणि ग्रामदैवत म्हणून मानाने नांदतो. आमोणे, पैंगीण, लोलये या गावी त्याची ठाणी आहेत. पैंगीणला दर तीन वर्षांनी त्याची गड्यांची जत्रा भरते. पुस्तकातील वेताळ स्मशानात उलटा टांगलेला आहे, तर गावातील बेताळ वेशीवर उभा राहून गावाची राखण करतो. भुतांचा राजा म्हणजे भुतांना आवरणारा, असा अर्थ त्या गावांनी लावला असावा असे मला वाटते. हाही तर्कच आहे, पण तो मी तर्क म्हणूनच येथे ठेवते.

या उत्तरांत खरे कोणते? सर्व एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. परंतु त्यांत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येक कथेकऱ्याने त्या भेसूर आकृतीला एक जखम दिली आहे. कोणी त्याला निष्पाप बळी केले, कोणी शापित श्रोता, कोणी टाकलेला राजपुत्र. स्ट्राडविषयी रात्री जागविणारी पुण्यातील ती मुले तरी दुसरे काय करीत असतात? दुष्टाला पूर्वायुष्य द्यावे ही माणसाची चांगली खोड आहे. तिला वाईट म्हणण्याचे माझ्या मनात नाही. प्रश्न उभा राहतो तो पुढे, जेव्हा आपण आपल्या इच्छेला पुरावा समजू लागतो. आणि हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकात नव्हे, आमच्या शेतात उभा राहिला.

अनगोळच्या शिवारात आमचे थोडे भातशेत आहे. बेळगावच्या बासमतीचा वास सुगीत त्या बांधावर दरवळतो, आणि आकाश स्वच्छ असले की पलीकडे येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो. शेताच्या एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा एक दगड आहे. आम्ही त्याला वेताळ म्हणतो. आजी पेरणीआधी व मळणीनंतर तेथे नारळ फोडते. अनगोळ आता गाव राहिलेले नाही. घरे शेतापर्यंत आली आहेत, आणि शेजारच्या तुकड्यांप्रमाणे आमचाही काही भाग विकावा लागणार हे घरात ठरले आहे. त्या कोपऱ्याशेजारून रस्ता जाईल. मग दगडाचे काय होणार?

काकांनी तोड काढली. दगडावर लहानशी छपरी बांधावयाची व पुढे एक फलक लावावयाचा. घरात अक्षर माझे बरे, म्हणून मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. काका म्हणाले, "लिही, आठशे वर्षांपूर्वीचे जागृत देवस्थान. असं लिहिलं म्हणजे हात लावायचं कुणाचं धाडस होणार नाही." शेजारचे एक आजोबा म्हणाले, "देवस्थान कसलं? तो वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या सरदाराचा." दादाने तर वेताळाची बर्टनपर्यंतची साखळी फलकावर घालण्याची तयारी दाखविली.

काकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना दगड वाचवावयाचा होता. खोट्या वंशावळीने त्याचे रक्षण होत असेल तर तिने कोणाचे काय बिघडणार होते? दोन दिवस मला याचे उत्तर सुचले नाही. मी शेतात जाऊन दगड नीट पाहिला. वीरगळावर बहुधा एकावर एक थरांत शिल्पे कोरलेली असतात. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. आमच्या दगडावर छिन्नीची एकही खूण नव्हती. आठशे वर्षांचा म्हणावा तर तसे म्हणण्यासही काही आधार नव्हता. आमचा भाग सीमेवरचा. येथे प्रत्येक वेशीला, प्रत्येक शिळेला 'तू आधी कोणाची होतीस' असे विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि उत्तर बहुधा विचारणाराच्या खिशात आधीच तयार असते. त्या गर्दीत आपल्या घरच्या दगडाने आणखी एक भर घालावी असे मला वाटेना.

शेवटी मी आजीलाच विचारले, "आजी, हा वेताळ आधी कोण होता गं?"

आजी सुपात तांदूळ पाखडीत होती. ती म्हणाली, "मला काय ठावं? माझ्या सासूनं दाखवलं, तिला तिच्या सासूनं. राखणदार हाय त्यो. राखणदाराला कोण, कुठला म्हणून इचारत न्हाईत गे. जेवलास काय, म्हणून इचारतात."

त्याच रात्री मला त्रिविक्रमसेनाचा शेवट नव्याने समजला. वेताळाची अट सर्वांना ठाऊक आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. राजा शहाणा, म्हणून प्रत्येक कोड्याचे उत्तर देतो व प्रत्येक वेळी हात हलवीत परत फिरतो. अखेरच्या कोड्यात एक बाप एका मुलीशी व त्याचा मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजाला उत्तर सुचत नाही. तो काही तरी ठोकून देऊ शकला असता. तो गप्प राहतो व चालत राहतो. तेव्हाच वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचे कपट त्याला सांगतो आणि राजाचे प्राण वाचतात. इतकी उत्तरे देऊन जे साधले नाही, ते एका प्रामाणिक मौनाने साधले. 'चांदोबा'तील विक्रमाला मात्र दरमहा नवे कोडे पडे व तो दरमहा उत्तर देई, म्हणून बिचाऱ्याची त्या स्मशानातून कधी सुटका झाली नाही!

मी फलकाचा मजकूर लिहिला तो असा: 'या दगडाला आम्ही वेताळ म्हणतो. १९६८ साली आमची आजी या घरात आली, तेव्हा तो येथे होता. तिच्या सासूबाई त्यांच्या लग्नात आल्या, तेव्हाही होता. हा शेताची राखण करतो. कृपया याला हलवू नये.'

काकांनी वाचून पाहिले. "एवढंच? एवढ्यानं कोण भितंय?" ते म्हणाले. दादालाही ते फिके वाटले. आजीने मजकूर मला दोनदा वाचावयास लावला व काकांना म्हणाली, "हेच राहू दे. खोटं लिवलास तर त्यो राती येऊन इचारील, मग उत्तर तू देशील काय?" त्यावर काका काही बोलले नाहीत. रंगाऱ्याने अक्षरांवर पैसे घेतले, तेव्हा आठशे वर्षे वाचली याचे त्यांना थोडे समाधानही झाले.

छपरी झाली, फलक लागला. रस्ता अजून व्हावयाचा आहे. एवढ्या साध्या शब्दांनी तो दगड वाचेल की नाही, हे मला सांगता येत नाही. कदाचित आठशे वर्षांचा धाक अधिक उपयोगी पडला असता. पण उद्या रस्त्याने जाणारा एखादा मनुष्य तेथे थांबला आणि त्याने तो मजकूर वाचला, तर त्याला आमच्याकडून जे कळेल ते खरे असेल. त्या दगडापुढे तीन सासवा-सुनांनी नारळ फोडले, हा इतिहास मला लहान वाटत नाही.

फलक लिहिताना मी रंगाऱ्यास खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडावयास सांगितली. त्याने कारण विचारले. मी म्हटले, पुढे कोणाला या वेताळाविषयी काही खरे कळले, तर त्याने ते तेथे लिहावे.